रिसायकल किती वापरलं ते एका टक्क्यात मोजायचं? मला नाही पटत

केळीवाला_रावेर:
युरोपवाले दरवर्षी एक आकडा काढतात, देशाने वर्षभरात जेवढा माल वापरला त्यातला रिसायकल होऊन आलेला किती टक्के. अख्ख्या युरोपियन युनियनचा २०२३ चा ११.८ टक्के, नेदरलँड्सचा ३० च्या वर. आता आपल्याकडे पण असाच काढा म्हणणारे वाढलेत. मी म्हणतो इथे तो निव्वळ थाप होईल. ठिबकच्या जुन्या नळ्या आमच्याकडे बांधावर पडून राहत नाहीत, भंगारवाला वजनावर नेतो, जळगावात वितळवून त्याचा दाणा (प्लास्टिकचे बारीक कण) होतो, दाण्याची चटई नाहीतर परत पाइप. ना बिल ना पावती. म्हणजे जो खरंच काम करतो तो हिशोबात शून्य.

दीपनगर_भो:
नाना, कागदावर येत नाही म्हणून मोजूच नका, हे काय लॉजिक भो? आपल्याकडे कडक प्लास्टिक पॅकिंगमधे २०२५-२६ पासून ३० टक्के रिसायकल माल घालायचा नियम आलाय, २०२८-२९ ला ६० टक्के. मग दाणा कुठून आला ते कोणीतरी विचारणारच. बिल लागलं की भंगारवाला पण नोंदीत येईल.

केळीवाला_रावेर:
येईल का जाईल? बिलाबरोबर जीएसटी येतो आणि छोटा माणूस उठून जातो, धंदा मोठ्याच्या घशात. अन् त्या आकड्यात सगळं टनावर आहे. एक टन खडी काय न एक टन तांबं काय, सारखंच. पाडलेल्या बिल्डिंगचा मलबा फोडून रस्त्याखाली खडी म्हणून घातला की टक्का वर.

धुळ्याची_ताई:
खडीचं पटलं. पण त्याहून मोठी गोम सांगते. जळलेला कोळसा, पेट्रोल परत येणार कसं? ते सगळं भागाकारात खाली बसतं. पुलात, घरात गेलेलं लोखंड-सिमेंट तर कित्येक वर्षं बाहेरच येत नाही, त्यामुळे सगळाच्या सगळा कचरा रिसायकल केला तरी हा टक्का १०० च्या जवळपास पण जात नाही, आणि जो देश अजून बांधतोच आहे तो खालीच दिसणार. शिवाय त्यांच्या सूत्रात कचरा गोळा करून बाहेर पाठवणाऱ्या देशाला श्रेय मिळतं, आयात करून वितळवणाऱ्याला नाही. आपण बाहेरून एवढं लोखंडी भंगार आणतो, त्याचे मार्क पाठवणाऱ्याला!

दीपनगर_भो:
ताई, मग नेदरलँड्सशी तुलना करू नका ना, आपलं आपल्याच मागच्या वर्षाशी बघा. आणि युरोपवाले प्रत्येक मालाचा आकडा वेगळा काढून पण देतात, तिथे धातूंचा साधारण पाव हिस्सा रिसायकलचा आहे, कोळसा-तेलवाल्या मालाचा ३ टक्क्यांच्या आसपास. एकच मोठा आकडा पेपरवाल्यांसाठी असतो.

चटईवाला_एमआयडीसी:
मी या धंद्यातला म्हणून बोलतो. प्लास्टिक प्रत्येक फेरीत कमजोर होतं, जुन्या चटईची नवी चटई करायची तर त्यात नवा दाणा मिसळावाच लागतो. टनात मोजणाऱ्याला हे दिसत नाही. आणि टक्का वरखाली कशाने होतो माहितीये का? क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा भाव पडला की त्यातून बनणारा नवा दाणा स्वस्त, मग जुन्याला कोणी हात लावत नाही, भंगारवाल्याचा भाव तुटतो आणि गोळा होणारा माल पण कमी होतो. यात कोणी सुधारलं बिघडलं काही नाही.

दीपनगर_भो:
दादा, क्रूड पडलं की रिसायकल बसतं हे तुम्हाला माहीत, आम्हाला माहीत. पण दिल्लीत सबसिडी मागायला गेलात तर काय दाखवणार? आकडाच ना?

केळीवाला_रावेर:
चटईचा आकडा दाखवा, पाइपचा दाखवा. खडीत मिसळून नका दाखवू बस.