स्टर फ्रायला पाणी सुटतं, चिकन चिवट होतं

प्रश्न: चिकन, ढोबळी मिरची, गाजर, ब्रोकोली, सगळं मोठ्या आचेवर परतते. तरी कढईत पाणी साचतं आणि चिकन रबर. वोक (खोलगट चिनी कढई) घ्यावाच लागेल का?

उत्तर १: वोकचं नंतर बघू. एका वेळी किती घालता? अर्धा किलो चिकन एकदम पडलं की कढई गार होते, मग ते परतलं जात नाही, उकडतं. थोडंथोडं टाका, काढून ठेवा, कढई पुन्हा धुरावली की पुढचं. भाज्या धुऊन कोरड्या पुसा. हे कुणी करत नाही आणि गॅसला शिव्या घालतात! चिकन धाग्यांना आडवं, पातळ कापा. पाव किलोला चमचाभर सोया सॉस, चमचाभर कॉर्नफ्लोअर, थोडं तेल चोळून २० मिनिटं ठेवा. त्या थरामुळे मांस मऊ राहतं.

उत्तर २: बीफ असेल तर पाव किलोला पाव चमचा खायचा सोडा लावा, १५ मिनिटांनी नीट धुवा. जास्त झाला तर साबणासारखं लागतं.

प्रश्नकर्ती: आणि गाजर-ब्रोकोली? कच्चीच राहतात.

उत्तर १: उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून निथळा. चिकन परत घालाल तेव्हाच सॉस, कढईच्या कडेने.