मदत हवी आहे: मेनिएर नेमका किती जणांना असतो?

खामल्याची_सून: सासूबाईंना चक्कर येते. डॉक्टरांनी दोन मिनिटांत चिठ्ठीवर मेनिएर (आतल्या कानाचा आजार) लिहिलं, वर म्हणाले दुर्मिळ आहे. आता खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही तेच लिहून मिळालं. दुर्मिळ आहे तर एका जिन्यात दोन-दोन काहून? लाखात किती, आकडा सांगा. 'काळजी घ्या' नको.

महालचा_भाऊ: वय? शुगर? काही तर सांगा ना ताई.

संत्राबर्फी: मे महिना आहे बापा, ऊन लागलं असन. पन्हं द्या.

खामल्याची_सून: दिवाळीपासून आहे हो! वय ६२. आकडा?

कानकोंडी: ऑडिओलॉजीत काम करते. आकडा एकच नाही. अमेरिकेतल्या विमा-नोंदींवरून लाखात साधारण १९०. बाकीच्या अभ्यासांत लाखात ३-४ पासून थेट ५०० च्या वर, कारण निकषच वेगवेगळे. कानाच्या आत असणारे बारीक खडे सरकून येणारी चक्कर (बीपीपीव्ही) मात्र जर्मनीतल्या पाहणीत शंभरात २.४ जणांना आयुष्यात कधीतरी आलेली. म्हणून आधी खड्यांचा संशय घ्यायचा. चक्कर टिकते किती? ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) झाली?

महालचा_भाऊ: एप्ले करा, डोकं वळवून खडे जागेवर आणतात ते. यूट्यूबवर आहे. माझं एका फटक्यात गेलं.

कानकोंडी: कोणता कान, त्याच्या आतली कोणती नळी हे न बघताच? मेनिएरला एप्लेचा उपयोगही नाही.

महालचा_भाऊ: मला झाला ना!

कानकोंडी: तुम्हाला खडे होते, भाऊ.

बर्डीवाला: धंतोलीत दवाखान्यापाशी गाडी कुठे लावता तुम्ही लोक?

खामल्याची_सून: ऑडिओमेट्री नाही केली. उजव्या कुशीवर वळल्या की पलंगाची कड घट्ट धरतात, अर्ध्या मिनिटात थांबतं. ऐकू छान येतं, आम्ही स्वयंपाकघरात काय कुजबुजतो तेही. काकूंचं तास-दोन तास चालतं, उलट्या होतात, डाव्या कानात शिट्टी वाजते.

कानकोंडी: हे आधी सांगायचं ना! काकूंचं मेनिएर असू शकतं: झटका २० मिनिटं ते १२ तासांचा, तोही एकदाच नाही, आणि ऑडिओमेट्रीत खालच्या पट्टीतलं ऐकणं घटलेलं दिसायला हवं. सासूबाईंचं खड्यांचं वाटतं. डिक्स-हॉलपाइक करा म्हणा. झटकन आडवं करून डोळ्यांची हालचाल बघतात. आपल्या नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या ईएनटी ओपीडीत विचारा.

संत्राबर्फी: मीठ बंद करा दोघींचं.

खामल्याची_सून: सासूबाईंचं केलंच आहे, मेनिएर म्हणून. वरणही अळणी. परत सुरू करू?

कानकोंडी: खड्यांशी मिठाचा संबंध नाही. पण बीपी असेल तर डॉक्टरांना विचारूनच.