एका दिवसात समुद्रावरचे पक्षी: आई आणि लेकीला घेऊन कुठे जावं?

मृदुला_डोंबिवली

नमस्कार. जानेवारीत एक दिवस रजा काढून आई (वय ७१) आणि मुलीला (चौथीत आहे) घेऊन समुद्रावर जायचंय. मुलीला सध्या पक्ष्यांचं वेड लागलंय. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चालणं नको, मुक्कामही नको. स्कूटर-बोटींचा गोंगाट नसेल अशी जागा हवी, जिथे आई खुर्ची टाकून निवांत बसू शकेल.

गेल्या वर्षी ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) पाहिले. सुंदरच होते, पण लेकीला वाळू हवी आहे. म्हणून डिसेंबरात अलिबागला गेलो. पोचेपर्यंत दुपारचा एक वाजला. पाणी पार आत गेलेलं, समोरून उन्हाची तिरीप, आणि लांबवर काळे ठिपके. ते पक्षी होते की दगड हेसुद्धा कळलं नाही. आई कंटाळली, लेक हिरमुसली. आमचं नेमकं काय चुकलं?

आणि रत्नागिरीतल्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ती एका दिवसात बघून होतात का?

अष्टागरकर

मृदुलाताई, तुमची जागा फारशी चुकली नाही, वेळ चुकली. या वेळी अलिबागच्या पुढे चार-पाच किलोमीटरवर आक्षीला जा. मी लहानपणापासून त्या किनाऱ्यावर आहे आणि गेली वीसेक वर्षं हिवाळ्यात तिथे दुर्बीण घेऊन बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट उन्हाची. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो, पक्ष्यांच्या अंगावर उजेड पडतो, पायाचा रंगसुद्धा दिसतो. दुपारनंतर तोच सूर्य समोर येतो आणि सगळे पक्षी काळे दिसायला लागतात. म्हणजे जे पाहायचं ते बारा-साडेबाराच्या आत.

दुसरी गोष्ट भरतीची, आणि ती जास्त महत्त्वाची. ओहोटीला पाणी अर्धा-पाऊण किलोमीटर आत जातं आणि पक्षी त्याच्या काठाकाठाने चरत लांब निघून जातात. भरती चढायला लागली की पाणीच त्यांना आपल्याकडे घेऊन येतं. तुम्ही जागचं हलायचं नाही, पक्षी तुमच्याकडे येतात. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी याहून चांगली सोय नाही.

वेळ काढायला आमच्याकडचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. मागच्या वेळी तुम्ही अष्टमी-नवमीच्या आसपास गेला असणार. प्रतिपदेला पाऊण वाजता भरती, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण काम भागतं. तुम्हाला हवी ती पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची प्रतिपदा वा द्वितीया. सकाळी नवाला पोचलात की पाणी तुमच्या दिशेने निघालेलं असेल आणि ऊन पाठीशी. वार पाहून रजा टाकू नका, कालनिर्णयवर तिथी पाहून टाका. शनिवार-रविवार आला तर गर्दी असते, पुढचा पंधरवडा धरा.

गेटवेहून पहिल्या बोटीने मांडवा, तिथून बसने अलिबाग, पुढे रिक्षा. आईंना बोटीत कठड्याजवळ बसवा, कारण निम्मं पक्षिनिरीक्षण तिथेच होतं. बोटीमागे कुरव येतात. त्यांत दोन जाती सरमिसळ असतात आणि लेकीला त्या ओळखायला शिकवता येतील. ज्याचा डोळा फिकट, पिवळट-पांढरा आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरा ठिपका, तो तपकिरी डोक्याचा कुरव. ज्याचा डोळा गडद आणि पंखाची पुढची कड पांढरी, तो काळ्या डोक्याचा. दोघांचीही डोकी हिवाळ्यात पांढरीच असतात, कानामागे फक्त शाई लागल्यासारखा डाग राहतो. पहिला लडाख-तिबेटच्या उंचावरच्या सरोवरांकाठी अंडी घालतो आणि थंडीत आपल्या समुद्रावर येतो. कठड्यापासून हातभर अंतरावर तो वाऱ्यावर तोल सांभाळत तरंगतो, मान वळवून आपल्याकडे बघतो. तो डोळा एकदा जवळून पाहिला की विसरत नाही.

त्यांना शेव-गाठ्या टाकू नका, कितीही जण टाकत असले तरी. तेलामिठाचं ते खाणं त्यांचं नाही.

आक्षीला सुरूच्या बनात सावलीला आईंची खुर्ची मांडा. समोर जे छोटे राखाडी-पांढरे पक्षी लाटेमागे धावत जातात आणि लाट आली की तुरुतुरु परत येतात, ते सँडरलिंग. उत्तर ध्रुवाकडून आलेले. दोन पावलं धावून थबकणारे, मग टोचा मारणारे, ते चिखल्ये. काळा-पांढरा, लालभडक लांब चोचीचा दिसला तर तो ऑयस्टरकॅचर. खाली वाकलेली लांबलचक चोच असेल तर कोरल. मधूनच सगळा थवा एकदम उडाला तर आधी वर बघा, समुद्री गरुड किंवा ससाणा असू शकतो.

पक्षी यायच्या आधीचा अर्धा तास लेकीला ओल्या वाळूवर बसवा. तिथे बारीक बिळं दिसतील. सावली हलू न देता दोन मिनिटं थांबलं की मुगाच्या दाण्याएवढा खेकडा बाहेर येतो. नांगीने वाळू तोंडाकडे नेतो, तीतलं खाण्याजोगं गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची साबुदाण्यासारखी गोळी करून मागे सारतो. परत चिमूट, परत गोळी. थोड्या वेळात बिळाभोवती गोळ्यांची रांगोळी तयार होते. भरती ती पुसते आणि पुढच्या ओहोटीला तो पहिल्यापासून सुरू करतो. मी हे शेकडो वेळा पाहिलंय, अजूनही उठवत नाही.

एकच कळकळीची विनंती. थव्याच्या दिशेने चालत जाऊ नका, लेकीला धावू देऊ नका. भरतीच्या वेळी हे पक्षी विसावलेले असतात. हजारो किलोमीटर उडून आलेत आणि मार्च-एप्रिलमध्ये तेवढंच परत जायचंय, त्यासाठी अंगावर चरबी साठवावी लागते. आपण दर वेळी उडवलं की त्यातली थोडी उडून जाते. दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांदेखत एकाने किनाऱ्यावर जीप घातली आणि थवा फोडला. त्या भरतीला पक्षी पुन्हा खाली बसले नाहीत. घरी जाऊन जेवण गेलं नाही मला.

वेळ उरला तर आक्षीचा शिलालेख पाहून घ्या, शके ९३४ चा, मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांपैकी. आणि जानेवारीत पोपटी मिळाली तर सोडू नका. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा आणि मीठ, बास.

केळशीची_लेक

वेळासचं विचारलंत म्हणून. एका दिवसात करू नका, आईंचे हाल होतील. पिल्लं सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला समुद्रात सोडतात, त्यामुळे आदल्या दिवशी जाऊन गावातल्याच एखाद्या घरी उतरावं लागतं. शिवाय अंड्यातून पिल्लू यायला ४५ ते ६० दिवस लागतात. जानेवारीत जाळीच्या आतली घरटी दिसतील, पिल्लं दिसण्याची आशा मार्चमध्ये जास्त. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना सोबत घेऊन हे उभं केलंय. पूर्वी जी अंडी खाल्ली जायची त्यांची आज गाव राखण करतं. परीक्षा संपल्यावर दोन दिवस काढून नक्की या.

निळा_खंड्या

दुर्बीण घेणार असाल तर ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी घ्या. जास्त मोठी करून दाखवणारी लहान मुलांच्या हातात थरथरते आणि काहीच दिसत नाही. आधी कुणाची तरी मागून बघा. आणि पाठीवर घ्यायची पाण्याची बाटली स्टीलची, बनात प्लास्टिक पुरेसं पडलेलं आहे.

मृदुला_डोंबिवली

काल जाऊन आलो! वद्य द्वितीया, मंगळवार. दादा, तुमचे कसे आभार मानू.

तिथीचा हिशोब आईला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "हे मला ठाऊक आहे की." तिचं माहेर गुहागरजवळचं. तिची आई शेजारणींबरोबर सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कालवं (खाण्याचे शिंपले) काढायला जायची, तेव्हा आदल्या रात्री तिथी मोजून वेळ ठरायची. पाऊणपट करायचं काम माझ्या आईकडे असे, कारण ती शाळेत जात होती. साठ वर्षांत तिने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

सव्वानऊला पोचलो. लेक खेकड्यापाशी तासभर पालथी पडून होती, एका बिळाभोवतीच्या १३६ गोळ्या मोजल्या. अकराच्या पुढे पाणी चढत गेलं तसे पक्षी खरोखरच आमच्याकडे सरकत आले. आम्ही तिघी गप्प. एक ऑयस्टरकॅचर इतका जवळ आला की दुर्बीण खाली ठेवली. त्याने वाळूत चोच खुपसून शिंपला ओढून काढला, फटीत चोच घातली, मान जरा तिरकी केली, आणि शिंपला उघडला. आई हळूच म्हणाली, "अगदी अस्संच. आई पातं असंच तिरकं धरायची." मग बराच वेळ ती त्याच्याकडेच बघत राहिली.

एक शंका राहिली. पाणी पूर्ण भरल्यावर बरेचसे छोटे पक्षी एका पायावर उभे होते. काही तर एका पायावरच उड्या मारत बाजूला सरकले. लेकीला रात्रभर काळजी, की ते जखमी आहेत का?

अष्टागरकर

ताई, वाचून फार बरं वाटलं. आईंना माझा नमस्कार सांगा.

लेकीला सांगा, पाय शाबूत आहेत. विसावताना ते एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतात. पायावर पिसं नसतात, तिथून ऊब जाते, म्हणून एक पाय आत. जागा थोडीच बदलायची असेल तर तो बाहेर काढायचा कंटाळा करतात आणि दुसऱ्यावरच टुणटुण उड्या मारत जातात. पुढच्या वेळी एखाद्यावर नजर ठेवायला सांगा. लाट पायाशी आली की लपवलेला पाय बाहेर येतो.