विषय: गोठलेल्या तळ्यावर एटीव्ही न्यायची आहे, तयारी काय करू?

नमस्कार मंडळी,

यंदा जुनी एटीव्ही (कच्च्या रस्त्यावर चालवायची, हँडलवाली चारचाकी) घेतली. फोर-व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळतो, टायर नवे आहेत. नाताळच्या सुट्टीत मेव्हण्याला घेऊन मिनेसोटातल्या मिल लॅक्स तळ्यावर मासेमारीला जायचं म्हणतोय. तो त्याची एटीव्ही आणेल. बर्फावर चालवायला आणखी काय करावं लागतं? कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

— ब्लूमिंग्टनहून

---

नमस्कार,

आधी विचारलंत ते फार बरं केलंत. फोर-व्हीलमुळे गाडी बर्फावर सुटते, पण थांबायला त्याचा काही उपयोग नाही आणि वळायलाही फारसा नाही. नवं रबरसुद्धा उघड्या बर्फावर घसरतंच. त्यासाठी कार्बाइडच्या टोकाचे, स्क्रूसारखे पिळून बसवायचे स्टड मिळतात. ते चारही टायरना लावा. फक्त मागच्या दोनना लावलेत तर गाडी जोर धरेल आणि हँडल कितीही वळवलं तरी नाकासमोर जाईल. स्टड घेताना टायरच्या नक्षीची जाडी मोजून घ्या, नाहीतर टोक आत घुसून हवा जाते. चेन लावणार असाल तर हँडल दोन्ही टोकांना वळवून, चाक हाताने फिरवून ती ब्रेकच्या नळीला किंवा मडगार्डला घासत नाही ना ते बघा. थोडं चालवून ती पुन्हा आवळा.

हवेकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. एटीव्हीच्या टायरमध्ये जेमतेम पाच-सात पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते. गॅरेजमध्ये 15 अंश सेल्सिअसला 6 भरली, तर बाहेर उणे 18 मध्ये ती साडेतीनच्या आसपास येते. म्हणून गाडी बाहेर गार झाल्यावर मोजा, तेही 0 ते 10 पीएसआयच्या गेजने. कारच्या गेजवर एवढा फरक धड कळत नाही.

सगळ्यात जपायचा तो अंगठ्याचा थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायला दाबायचा खटका. केबलच्या आवरणात पाणी शिरून गोठलं, तर अंगठा काढला तरी थ्रॉटल उघडाच राहतो, आणि बर्फावर ते जिवावर बेतू शकतं. गाडी धुतली असेल तर गरम जागेत पूर्ण वाळू द्या. बाहेर गार झाल्यावर, इंजिन बंद असताना, थ्रॉटल दाबून सोडा. हँडल सरळ, डावीकडे, उजवीकडे, तिन्ही वेळा तो टक्कन मागे आला पाहिजे. जरा जरी रेंगाळला तर त्या दिवशी गाडी काढू नका. मनगटाला दोरी बांधायचा किल-स्विच (तुम्ही पडलात की इंजिन बंद करणारा) नसेल तर बसवून घ्या.

बाकी नेहमीचं: बॅटरी पूर्ण चार्ज, कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं, तेल मॅन्युअलमध्ये थंडीसाठी दिलेल्या ग्रेडचं. इंजिनाचा जोर चाकांकडे नेणाऱ्या बेल्टच्या डब्यात पाणी असेल तर काढून टाका. तळ्यावर हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठतो. गाडी गिअरमध्ये उभी करा.

आता बर्फ. मिनेसोटा डीएनआरच्या (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या) म्हणण्याप्रमाणे पायी चालायला 4 इंच आणि लहान एटीव्हीला 5 ते 7 इंच लागतो, पण हा आकडा नव्या, पारदर्शक बर्फाचा. पांढरा, बर्फवृष्टीतून झालेला असेल तर दुप्पट धरा. कितीही जाड असला तरी पूर्ण सुरक्षित बर्फ नसतोच, हे डीएनआरही सांगतं. किनाऱ्यावरच्या, माशांचं आमिष विकणाऱ्या दुकानात विचारा, पण वाटेत स्वतः भोकं पाडून मोजत जा. एका जागी आठ इंच असला म्हणजे शंभर पावलांवरही तेवढाच असेल असं नाही. मिल लॅक्स उथळ आणि विस्तीर्ण, त्यामुळे वाऱ्याने बर्फाला भेगा पडतात. नोव्हेंबर 2022 मध्ये मिनेसोटातल्याच अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला होता आणि दोनशेच्या आसपास लोकांना सोडवावं लागलं. दोन्ही गाड्या एकमेकींपासून किमान 50 फूट लांब उभ्या करा. तुमच्या सुट्टीच्या तारखा पक्क्या असतील, बर्फाच्या नसतात. बर्फ भरला नसेल तर सरळ परत फिरा.

— ब्रेनर्डहून

---

दादांनी गाडीचं सगळं सांगितलं, मी माणसाचं सांगते. दोघांच्याही गळ्यात बर्फात रोवायचे टोचे हवेतच, आणि अंगात तरंगणारं जॅकेट. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट गार पाण्याबद्दल 1-10-1 असं सांगतात: पहिलं मिनिट श्वास आवरायला, हातपाय कामाचे असतात ती साधारण दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला सुमारे तास. म्हणजे बाहेर पडायचं ते त्या दहा मिनिटांतच. आलात त्या दिशेला तोंड करा, कारण तिकडच्या बर्फाने तुम्हाला पेललं होतं. टोचे रोवा, पाय मारत आडवे वर सरका आणि गडगडत लांब जा. लगेच उभे राहू नका. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, कोटाच्या आतल्या खिशात ठेवा.

— रोचेस्टरहून

---

दादा, ताई, मनापासून आभार. स्टड आणि टोचे आजच मागवतो. मेव्हणा 1990 सालचा आहे, त्याला काही परवाना लागेल का?

---

हो. 1 जुलै 1987 नंतर जन्मलेल्यांना सार्वजनिक जागेत एटीव्ही चालवायला डीएनआरचं सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचं आहे. मोठ्यांना ते ऑनलाइन करता येतं. निघायच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका, या आठवड्यातच त्याला बसवा.

— ब्रेनर्डहून