कंबरदुखीसाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

प्रश्न (रत्नागिरीहून)
माझ्या वडिलांचे वय ६४ आहे. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकल्याचे एमआरआयमध्ये दिसले असून, सकाळी उठल्यावर बराच वेळ त्यांना वाकून चपलेचा पट्टाही लावता येत नाही. अँजिओप्लास्टीनंतर ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही रक्त गोठू न देणारी औषधे चालू आहेत. तरीही दुखणे वाढले की ते स्वतःच दुकानातून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणून घेतात, आणि मला खरी धास्ती त्याचीच वाटते. अमेरिकेतल्या चुलतभावाने माशाच्या तेलाची बाटली पाठवली आहे. ‘१००० मिलिग्रॅम’ असे तिच्यावर ठळक छापले आहे. हे तेल सुरू करून डायक्लोफेनॅक बंद करता येईल का?

उत्तर (मी औषधशास्त्र शिकवते)
आपली धास्ती रास्त आहे. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेलच्या जोडीला डायक्लोफेनॅक घेतल्याने जठरात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, शिवाय हृदयविकार असलेल्यांनी ही गोळी टाळावी असेच सांगितले जाते. त्यामुळे तेल चालू करा अथवा करू नका, त्या गोळीबद्दल हृदयरोगतज्ज्ञांशी याच आठवड्यात बोलावे.

आता तेलाविषयी. त्यातली ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्ले पेशींच्या आवरणात शिरून ॲरॅकिडोनिक आम्लाची जागा काही प्रमाणात घेतात, आणि दाह वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायने ज्यापासून तयार होतात तो कच्चा मालच त्यामुळे कमी होतो. संधिवातात याचा थोडा उपयोग चाचण्यांत दिसला आहे. मणक्याच्या दुखण्याबाबत मात्र बहुधा पिट्सबर्गच्या मेंदूशल्यविशारदांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एकाच अभ्यासाचा दाखला दिला जातो. मानदुखी व पाठदुखीच्या २५० रुग्णांना त्यांनी तेल सुचवले. १२५ जणांनी प्रश्नावली भरून पाठवली, आणि त्यांतल्या ५९ टक्क्यांनी वेदनाशामके बंद केल्याचे कळवले. आकडा मोहात पाडणारा आहे, पण तुलनेसाठी तेल न घेणारा गट तिथे नव्हताच. कंबरदुखी पुष्कळदा काही आठवड्यांत आपसूक उतरते, त्यामुळे हे श्रेय तेलाचे की काळाचे, हे त्यावरून ठरवता येत नाही.

बाटलीच्या मागची बारीक अक्षरेही वाचावीत. १००० मिलिग्रॅम हे एकूण तेलाचे वजन असते. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए सुमारे १८० आणि डीएचए सुमारे १२० मिलिग्रॅम, म्हणजे कामाचा भाग ३०० च असतो. त्या अभ्यासातला रोजचा १२०० मिलिग्रॅमचा डोस गाठायला अशा चार कॅप्सूल लागतील. रक्त गोठू न देणारी दोन औषधे चालू असताना हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मोठ्या डोसने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोकाही काही चाचण्यांत वाढलेला आढळला आहे.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, पुणे)
वरील उत्तराशी मी सहमत आहे. जुनाट कंबरदुखीविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात व्यायामाला महत्त्वाचे स्थान आहे, तर कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन (मणक्याला ताण देणे) नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असे म्हटले आहे. आपल्याकडे अजूनही नेमक्या याच दोन गोष्टींवर पैसे खर्च होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. वडिलांना अंथरुणात पडून राहू देऊ नका. झेपेल तितके चालणे चालू असू द्या आणि व्यायाम प्रत्यक्ष तपासून ठरवून घ्या. मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलता येईना, तर वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. तसे आमच्याकडे बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा तरी असतेच. मग कॅप्सूलची गरज आहे का?

उत्तर (औषधशास्त्र शिकवणारी)
हे दोन्ही मासे ओमेगा-३ ने समृद्ध आहेत, तेव्हा निव्वळ आहार म्हणून कॅप्सूलची गरज नाही. फक्त तळण्याऐवजी कालवण करावे. डॉक्टरांनी तेलाला संमती दिलीच, तर जेवणासोबत घ्यावे, दोन-तीन महिन्यांत फरक न पडल्यास थांबवावे, आणि कॅप्सूल फोडल्यावर खवट वास आल्यास ती बाटली टाकून द्यावी.