सेऊल ट्रिप ग्रुप: शनिवारच्या जेवणाची चर्चा

नीलिमा, सी-२०४: मंडळी, शनिवारी सेऊलमध्ये आठही जणांनी एकत्र कोरियन जेवायचं ठरतंय, टेबलावरच शेगडी असते तशा ठिकाणी. जोशीकाका-काकू शुद्ध शाकाहारी आहेत आणि चातुर्मास असल्यामुळे कांदा-लसूणही नाही. बाकीच्या सहांपैकी तिघं बीफ खात नाहीत. समीर, वैदेहीताई, कोणी काय मागवायचं ते सांगा.

समीर (सुवॉन, कोरिया): ताई, तिथं माणसागणिक वेगळं मागवत नाहीत. अख्खं टेबल काय खाणार ते आधी ठरवायचं आणि मगच ऑर्डर द्यायची. मांस ‘इन्बुन’वर मिळतं. एक इन्बुन म्हणजे एका माणसाचा वाटा, साधारण १५० ते २०० ग्रॅम कच्चं मांस. पहिली ऑर्डर किमान दोन इन्बुनची लागते, काही ठिकाणी तीन, आणि तीही एकाच प्रकारच्या मांसाची. नंतर एकेक इन्बुन वाढवता येतो. जितकी डोकी बसली तितके इन्बुन मागवावेत अशी बऱ्याच ठिकाणी अपेक्षा असते, त्यामुळे दोघांनी काही न खाता बसायचं हे जमवणं अवघड जातं.

जोशीकाकू, बी-१०१: आमच्यासाठी एवढं कशाला? आम्ही भात आणि भाज्या खाऊ. बानचानच्या, म्हणजे तोंडीलावण्याच्या, बऱ्याच वाट्या येतात म्हणे, त्याही फुकट.

वैदेही, ए-६०३: काकू, वाट्या फुकट असतात, संपल्या की पुन्हाही भरून मिळतात. पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. किमचीत, म्हणजे आंबवलेल्या भाजीत, लसूण तर असतोच, शिवाय खारवलेली कोळंबी नाहीतर माशाचा रस्सा घालून ती आंबवतात. पालक, मोड आलेले सोयाबीन यांच्या नामुलमध्ये, म्हणजे कोशिंबिरीसारख्या भाजीत, ठेचलेला लसूण आणि पातीचा कांदा असतो. सोयाबीनच्या पेस्टचं ‘त्वेनजांग जिगे’ दिसायला आमटीसारखं, पण त्याचं पाणी बहुधा सुक्या मांदेलीसारख्या छोट्या माशांचं. नुसता पांढरा भात, लेट्यूसची पानं आणि काकडी एवढंच तुमच्या नियमात बसेल.

समीर: शेगडीच्या कोपऱ्यात मशरूम भाजून घेता येतील की.

वैदेही: नाही समीर, तवा उतरता असतो. चरबी वाहत खालच्या टोकाला जाते, मशरूमही त्याच चरबीत भाजले जातात. काका-काकूंना ते चालणार नाही आणि आपण चालवून घ्यायला सांगूही नये.

नीलिमा: मग दोघांसाठी बिबिम्बाप, म्हणजे वर भाज्या घातलेला भात? मांस काढून द्या म्हटलं तर?

वैदेही: ‘गोगी पेजुसेयो’ म्हटलं की वरचं मांस काढून देतात. पण तिथं ‘गोगी’ (मांस) म्हटल्यावर मासे-कोळंबी कोणाच्या डोक्यात येत नाही. त्यामुळे ‘म्योलची’ म्हणजे ते छोटे मासे आणि ‘सेउ’ म्हणजे कोळंबी, या दोन्हींबद्दल वेगळं विचारावं लागतं. वरचं अंडंही आठवणीने काढायला सांगावं लागतं. काही ठिकाणी बिबिम्बापच्या लाल पेस्टमध्ये बीफचा खिमा परतून घातलेला असतो. एवढं सगळं सांभाळलं तरी लसूण उरतोच.
माझं स्पष्ट मत: आठ जणांचं एकत्र जेवण दुपारी देवळाच्या पद्धतीचं ठेवा आणि शेगडी रात्री फक्त सहा जणांची. जोग्येसा मंदिरासमोर टेम्पलस्टेच्या (मठात मुक्कामाच्या कार्यक्रमाच्या) इमारतीत पाचव्या मजल्यावर ‘बालू गोंगयांग’ नावाचं हॉटेल आहे. बौद्ध मठातलं जेवण, मांस-मासे नाहीत. कांद्याची पात, लसूण आणि त्या कुळातल्या भाज्याही वर्ज्य. माणशी ठरलेला कोर्स असतो, एकामागून एक पदार्थ येतात. आधी बुकिंग केल्याशिवाय जाऊ नका.

जोशीकाका, बी-१०१: कांदा-लसूण वर्ज्य? मग तर आमच्याच घरचं जेवण.

वैदेही: काका, त्यांच्या पाच वर्ज्य गोष्टींत हिंगसुद्धा आहे. म्हणजे तुमच्यापेक्षाही कडक.

नीलिमा: हे झकास. दुपारचं पक्कं. आता रात्रीच्या सहा जणांचं सांगा.

समीर: सहा जण म्हणजे तिघांच्या दोन शेगड्या. एका तव्याभोवती चार माणसं नीट बसतात, सहा बसवली तर दोघांचे हात पोचत नाहीत. शनिवारी साडेसहानंतर बाहेर रांग लागते, म्हणून साडेपाचलाच जा. दुपारी तीन ते पाच बरीच हॉटेलं बंद असतात, त्याआधी जाऊन उपयोग नाही.
जॅकेट आणि पर्सा टेबलावर ठेवू नका. गोल स्टुलाचं झाकण उचलायचं, आत जागा असते. तिथं ठेवलं की धुराचा वास कमी लागतो. चमचे आणि चॉपस्टिक्स टेबलाच्या कडेला खणात असतात, शोधत बसू नका. वेटरला बोलवायला टेबलावर बटण असतं, नसेल तर ‘चोगीयो’ अशी हाक मारायची. हाक मारणं तिथं उद्धटपणाचं नाही.

समीर: ऑर्डर अशी द्या. प्रत्येक शेगडीला सामग्योप्सलचे तीन इन्बुन, म्हणजे पोर्कच्या पोटाकडचा थर-थर चरबीचा भाग. ते संपत आलं की एक इन्बुन त्वेजी-काल्बी, मुरवलेल्या पोर्कच्या बरगड्या. हा क्रम उलटा करू नका. काल्बीच्या मसाल्यात सोया सॉस आणि साखर असते, ती तव्याला चिकटून करपते आणि पुढचं सगळं कडू लागतं. तवा काळा पडला की ‘बुल्फान कारा जुसेयो’ म्हणा, नवा तवा देतात. त्याचे पैसे लागत नाहीत.

नीलिमा: भाजायचं कोणी? मला तर कच्चं राहील अशी भीती वाटते.

वैदेही: बऱ्याच ठिकाणी वेटरच भाजून, कापून देतात. नाही दिलं तर एका टेबलाला चिमटा एकाच माणसाच्या हातात द्या. चार जणांनी चार बाजूंनी उलटलं की काही तुकडे वाळतात, काही कच्चे राहतात.
आधी तवा चांगला तापू द्या. पट्टी ठेवल्यावर चर्र असा आवाज आलाच पाहिजे. तीन इन्बुन आलेत म्हणून सगळ्या पट्ट्या एकदम टाकू नका. तवा गार पडतो, मांसाला पाणी सुटतं आणि ते भाजण्याऐवजी शिजत राहतं. पातळ राखाडी पाणी दिसलं तर समजा की गर्दी झाली. निम्म्या पट्ट्या टाका आणि हलवू नका. कडा पांढऱ्या होऊन वरच्या बाजूला रसाचे थेंब दिसले की उलटा. बोटभर जाडीच्या पट्टीला पहिल्या बाजूला तीन-चार मिनिटं लागतात, दुसऱ्या बाजूला थोडी कमी. दोन्हीकडून तांबूस झाली की कात्रीने दोन-अडीच सेंटीमीटरचे तुकडे करा आणि कापलेली बाजू तव्याला लावा. आतला भाग तिथं शिजतो. गुलाबी रंग अजिबात उरता कामा नये, हे पोर्क आहे.
किमची तव्याच्या उतरत्या टोकाला, चरबी साचते तिथं ठेवा, पण मांस उलटल्यावरच. आधी ठेवली तर जळते. कोळशाची शेगडी असेल आणि चरबी पडून ज्वाळा उठली तर मांस बाजूला घ्या, पाणी मारू नका. कच्चं उचललेला चिमटा ताटात नको, खायला चॉपस्टिक्स वापरा.

जोशीकाका: आणि पानात गुंडाळून खातात ते?

वैदेही: काका, लेट्यूसचं पान तळहातावर घ्यायचं, त्यावर केक्निपचं (पेरिलाचं) पान. त्याचा वास उग्र असतो, पहिल्यांदा अर्धंच घ्या. एकच तुकडा मांस, नखाएवढं सामजांग (सोयाबीनची तिखट पेस्ट), भाजलेली लसणाची चकती, थोडी तिखट-आंबट कांद्याची पात. चारी बाजूंनी गुंडाळून अख्खं एका घासात. अर्धं चावून खाली ठेवलं की सगळं सुटतं, म्हणून पुडी लहानच करा.

नीलिमा: बीफ न खाणाऱ्यांनी कशाची काळजी घ्यायची?

समीर: शेवटी नेंगम्योन मागवतात ना, गार नूडल्स, त्याचं पाणी बहुतेक बीफचंच असतं. तिघांनी ते टाळायचं. त्वेनजांग जिगेतही काही ठिकाणी बीफचे पातळ काप घालतात. ‘सोगोगी दुरोगायो?’ म्हणजे यात बीफ आहे का, हे फोनमध्ये कोरियन लिपीत लिहून ठेवा आणि वेटरला दाखवा. आपल्या उच्चारापेक्षा ते खात्रीचं.
त्याऐवजी तिघांना मांस संपल्यावर त्याच तव्यावर भात परतून मिळतो का विचारा, किमची आणि समुद्री शेवाळ घालून. तळाला खरपूस पापुद्रा धरू द्या, लगेच खरवडू नका.

देवेंद्र, सी-५०२: पिण्याचं?

समीर: सोजूची, म्हणजे कोरियन दारूची, बाटली ३६० मिलीची, त्यात छोटे सात ग्लास भरतात. स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नाही, शेजारच्याने भरायचा. मोठ्यांना ओतताना दोन्ही हात. अर्ध्या ग्लासात वरून ओतत नाहीत, रिकामा झाला तरच भरतात. म्हणून ज्याला आणखी नको त्याने थोडी शिल्लक ठेवावी, कोणी आग्रह करत नाही. न पिणाऱ्यांनी ‘साय्डर’ मागवा, ते लिंबू-सोड्यासारखं गोड पेय आहे, दारू नाही.
वयाने मोठ्या माणसाने पहिला घास घेतल्यावर बाकीच्यांनी सुरू करायचं. भातात चमचा किंवा चॉपस्टिक्स उभ्या खुपसू नका, पितरांच्या पानाला तसा चमचा खुपसतात.

देवेंद्र: खर्चाचा अंदाज दे. वर्गणी आधीच काढून ठेवतो.

समीर: आठ इन्बुन, १८ हजार वॉनने १,४४,०००. दोन नेंगम्योन २०,०००. दोन जिगे १६,०००. चार भात ४,०००. चार बाटल्या २०,०००. एकूण २,०४,००० वॉन, माणशी ३४ हजार, म्हणजे दोन हजार रुपयांच्या थोडं वर. भाव हॉटेलाप्रमाणे मागेपुढे होतील. तव्यावर परतलेला भात घेतला तर थोडे वाढतील. कर किमतीत धरलेला असतो, टिप देत नाहीत. बिल टेबलावर येत नाही, निघताना काउंटरवर द्यायचं. एकाच कार्डाने द्या आणि बाटल्यांचे पैसे पिणाऱ्यांतच वाटा.

जोशीकाकू: आणि रात्री आम्ही दोघं हॉटेलवरच बसायचं का?

वैदेही: नाही काकू. साडेसात-आठला सगळे पुन्हा एकत्र, बिंगसू खायला. दुधाचा भुसभुशीत बर्फ, त्यावर भाजलेल्या सोयाबीनचं पीठ आणि तांदळाच्या चिकट वड्या. एक वाडगा दोघा-तिघांना पुरतो, आठ जणांना तीन बास. दुसऱ्या राउंडला असं गोड खायला तिथंही सगळे जातात. पीठ वर सुटं असतं, तोंडाजवळ नेताना श्वास आत घेतला की ठसका लागतो. चमचा खाली बर्फापर्यंत घालून खा.

नीलिमा: ठरलं. बालू गोंगयांगचं बुकिंग मी करते, आठ जण, दुपारी साडेबारा. देवेंद्र, वर्गणीचा मेसेज आज टाक.