कोकणात पोहोचल्यावर पुढे कसे फिरलात? नाशिककरांचे अनुभव

नाशिकहून कोकणात कसे जायचे हे कोणीही सांगते. कसारा उतरून पनवेल-पेणवरून जा, नाहीतर संगमनेर-आळेफाटा करत पुणे गाठा आणि ताम्हिणी उतरा. पण तिथे पोहोचल्यावर या गावातून त्या गावात कसे जायचे, हे नीट सांगणारे कमी. आमची पहिली सहल नेमकी तिथेच विस्कटली. म्हणून ओळखीच्यांना म्हटले, हॉटेल आणि जेवणाचे राहू द्या, तिथे हिंडलात कसे तेवढे लिहा. प्रत्येकाच्या अनुभवावर तो नाशिकच्या ज्या भागात राहतो त्याचे नाव दिले आहे. सुरुवात माझ्यापासून.

गंगापूर रोड

दापोलीजवळ कर्द्याला उतरलो होतो. दुसऱ्या दिवशी गुहागर करायचे ठरले. नकाशावर वीतभर अंतर, त्यामुळे मुलांना सांगून ठेवले की दुपारचे जेवण गुहागरला. निघताना घरमालकीणबाईंनी विचारले, "जेटीने जाणार ना?" मला जेटी माहीतच नव्हती. मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे आणि रस्त्याने जायचे तर खेड-चिपळूण असा मोठा वळसा पडतो, हे त्यांनी अंगणात काडीने रेघा ओढून समजावले. आपण घाटावरची माणसे. नदी आली की पूल असणार, असे आपण धरून चालतो. खाडीचे तसे नसते.

दाभोळला गेलो. बोटीवरच्या पोराने हाताने खुणा करत आमची गाडी मागे घेत बोटीवर चढवायला लावली. शेजारी दुचाक्या, एक टेम्पो, शाळेची मुले, टोपल्या घेतलेल्या बायका. पलीकडे धोपावे. काही मिनिटांत उतरलो आणि जेवायला खरेच गुहागरला होतो.

तेव्हापासून मी चार जोड्या वहीत लिहून ठेवल्या आहेत. उत्तरेकडून निघालात तर आगरदांडा–दिघी, मग बागमांडला–वेश्वी, मग दाभोळ–धोपावे, मग तवसाळ–जयगड. किनाऱ्याकिनाऱ्याने मुरूडपासून गणपतीपुळ्यापर्यंत जायचे असेल तर प्रवास या चार बोटींभोवती बेतावा लागतो. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी तिथल्याच माणसाला विचारा.

सिडको

वर जेट्यांची यादी दिली आहे, ती मला चार वर्षांपूर्वी मिळायला हवी होती. आम्ही खोली घेतली होती मुरूडला आणि गेलो मुरूडला, पण मुरूड दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यात, जंजिऱ्याजवळचे. दुसरे दापोली तालुक्यात, हर्णैच्या शेजारचे, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. आमची खोली दुसऱ्या मुरूडला आणि आम्ही उभे पहिल्या मुरूडच्या नाक्यावर, दुपारी चार वाजता, दोन लहान मुले घेऊन. मध्ये राजपुरीची खाडी आणि बाणकोटची खाडी. पहिली ओलांडली, श्रीवर्धनवरून हरिहरेश्वरपर्यंत आलो आणि अंधार झाला. अनोळखी रस्त्यावर रात्री पुढची बोट शोधत जायचा धीर झाला नाही. तिथेच राहिलो. आगाऊ भरलेले पैसे गेले. खोली ठरवताना तालुका विचारा, एवढेच.

पंचवटी

आम्ही दोघी जावा, वय पासष्टच्या पुढे. गाडी चालवत नाही, त्यामुळे सगळे एसटीने. बायकांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे, म्हणून "आवडेल तेथे प्रवास"चा पास न काढता सुटी तिकिटेच काढली. दिवसभर भरपूर फिरणाऱ्या पुरुषमाणसांनी तो चार किंवा सात दिवसांचा पास जरूर बघावा.

एसटीने कोकण फिरायचे तर एक शब्द पाठ करायचा, वस्तीची गाडी. संध्याकाळी शेवटची गाडी गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघते. त्या दोन वेळा सहसा चुकत नाहीत. मधल्या फेऱ्यांचे मात्र विचारून घ्यायचे, कारण काही फेऱ्या शाळेसाठी असतात आणि रविवारी नसतात. आम्ही एका रविवारी फाट्यावर दीड तास बसलो होतो. शेवटी एका बाईने सांगितले, "आज ती येत नाही हो, डमडम बघा." डमडम म्हणजे तिकडची वडाप. भरली की निघते.

हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळी असतो. आम्ही दोघी माळकरी, मासे खात नाही, पण तो बघायचाच होता. बैलगाड्या पाण्यात जातात, होड्यांवरून माल उतरतो, वाळूवर ढीग लागतात आणि बायका बोली लावतात. त्यांचा आवाज आणि हिशोबाचा झपाटा बघून मी हरखून गेले. माझी जाऊ पूर्वी भाजीबाजारात बसायची. ती प्रत्येक ढिगापाशी थांबून भाव ऐकत होती. या नादात दापोलीची गाडी निघायची वेळ झाली. येताना कंडक्टरला सांगून ठेवले होते की आम्ही दोघी परतीला आहोत. त्याने गाडी सुरू करून दोन मिनिटे थांबवली आणि खाली उतरून हाक मारली. येतानाच कंडक्टरशी बोलून ठेवायचे, ही सवय मला तेव्हापासून लागली.

नाशिकरोड

रेल्वेवाल्यांसाठी. मंगला एक्सप्रेस नाशिकरोडला थांबते आणि कल्याण-पनवेलवरून थेट रत्नागिरीला नेते, हे आपल्यातल्याच अनेकांना माहीत नसते. गाडी बदलावी लागत नाही. आरक्षण मात्र लवकर भरते.

कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्गावर सुरू झाली, पण ती समुद्राकाठून जात नाही. डोंगरातून जाते. दापोलीला स्टेशन नाही, खेडला उतरायचे. गुहागरसाठी चिपळूण. मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवली. रत्नागिरी स्टेशनसुद्धा शहराबाहेर आहे. तिकिटाच्या हिशोबात हा शेवटचा टप्पा आधीच धरा, कारण रात्री उतरलात तर रिक्षाशिवाय इलाज नसतो. पावसाळ्यात या मार्गावर गाड्या मुद्दाम कमी वेगाने चालवतात आणि वेळापत्रकही वेगळे लागते. जूनमध्ये जुन्या वेळेवर विसंबून स्टेशनवर जाऊ नका.

सातपूर

मोटारसायकलने जायचे तर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड करत डहाणू-बोर्डी. सकाळी निघालो की दुपारी समुद्र. चिकूच्या वाड्यांमधले रस्ते अरुंद आणि सावलीचे आहेत, सायकल मिळाली तर सायकलनेच फिरा. पेट्रोल जव्हारला भरून घेतो.

इंदिरानगर

मला भरतीबद्दल लिहायचे आहे, कारण या अज्ञानापायी आमची गाडी समुद्रात जाणार होती.

पौर्णिमेचा दिवस. सकाळी साडेसातला किनाऱ्यावर गेलो. पाणी लांब होते आणि ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक दिसत होती. इतरांच्या चाकांचे माग होते, म्हणून मीही गाडी आत नेली. तासाभराने निघायला गेलो तर मागची चाके रुतली. जोर दिला तशी आणखी खाली गेली. नऊनंतर पाणी भराभर पुढे यायला लागले. बायको मुलांना घेऊन वर पळाली. मी वेड्यासारखा हाताने वाळू उपसत होतो. गावातली सात-आठ माणसे धावत आली, चाकांखाली फळ्या घातल्या, कोणीतरी ट्रॅक्टर आणला. गाडी निघाली तेव्हा पाणी टायरला लागले होते. ट्रॅक्टरवाल्याने डिझेलपुरतेच पैसे घेतले.

त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने मला बसवून शिकवले. तिथीच्या आकड्याला तिनाने गुणायचे, चाराने भागायचे. येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, सकाळी आणि संध्याकाळी. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सहाएक तासांनी, आणि रोज सगळे पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येचे ते उधाण, तेव्हा पाणी खूप वर येते. अष्टमीच्या आसपासचा तो भांग, तेव्हा जोर कमी. आपल्या घरात पंचांग असते, चतुर्थी-एकादशी आपण त्यात बघतो, पण समुद्रही त्यातच आहे हे मला चाळिशीत कळले.

पुढच्या वर्षी अलिबागला हेच गणित लावले. चतुर्थी होती, म्हणजे तीनला भरती आणि नऊला ओहोटी. साडेआठला कुलाबा किल्ल्याकडे चालत निघालो, घोट्याएवढ्या पाण्यातून. निघण्याआधी काठावरच्या घोडागाडीवाल्याला विचारले, तो म्हणाला साडेदहापर्यंत परत या. सव्वादहाला परत आलो. किनाऱ्यावर गाडी मात्र पुन्हा कधी नेली नाही, आणि कोणी नेऊ नये. गाडी रुतते, शिवाय वाळूत कासवांची अंडी असतात.

मेरी

माझे वडील निफाडचे शेतकरी. द्राक्षाच्या छाटण्या आणि फवारण्या यांत त्यांचे समुद्र बघायचे राहून गेले. ऐंशीव्या वर्षी त्यांना मालवणला नेले. गुडघे चालत नाहीत, त्यामुळे मोठी गाडी घेण्याऐवजी मालवणात तीन दिवसांसाठी एक रिक्षा ठरवली. कोकणातल्या बोळांत, वाड्यांमधून, अगदी अंगणापर्यंत रिक्षा जाते. म्हाताऱ्या माणसाला चढाय-उतरायला तीच सोपी.

रिक्षावाले भाऊ पहिल्या दिवशी "खंयसून इलात?" असे विचारून गप्प झाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनीच वेळापत्रक हातात घेतले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीला सकाळी पहिल्यांदा चला, तेव्हा पाणी शांत असते, असे ते म्हणाले. धक्क्यावर त्यांनी आणि होडीवाल्याने वडिलांना दोन्ही बाजूंनी धरून होडीत बसवले. पावसाळ्यात ही होडी बंद असते, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी जाणाऱ्यांनी चौकशी करूनच निघावे. किल्ल्यात वडील फार चालले नाहीत. शिवरायांच्या मंदिराच्या पायरीवर तासभर बसले. त्यांना 1664 साली बेटावर दगड कसे आणले असतील, याचेच नवल वाटत होते.

गेल्या महिन्यात त्या रिक्षावाल्यांचा फोन आला. घरातल्या सगळ्यांना घेऊन त्र्यंबकेश्वरला येणार आहेत आणि रेल्वेने नाशिकरोडला उतरल्यावर पुढे कसे जायचे, असे विचारत होते. मी सांगितले, आमचे स्टेशनही शहराबाहेर आहे, तिथून आधी सीबीएसला, म्हणजे शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकावर या, मग त्र्यंबकची एसटी. वडिलांनी फोन हातातून घेतला आणि म्हणाले, बसबिस काही नको, आम्ही घ्यायला येतो.